ग्रहलाघवाच्या पोथ्या आणि संग्राहकांची उपेक्षा

जोशीपण चालविणाऱ्या घराण्याचें दप्तर महाराष्ट्रांत कोठेंही उघडलें, तरी गणेश दैवज्ञाचा ग्रहलाघव त्यांत सांपडण्याचा संभव फार. आणि नेमका म्हणूनच संग्राहक तो बाजूस सारतात. ग्रंथ छापलेला आहे, प्रती पुष्कळ आहेत, एवढ्यावर निकाल लागतो. पिंपरी, चिंचवड व चाकण ह्या टापूंत कारखान्यांमागून वस्ती वाढली आणि जुन्या वाड्यांच्या जागीं इमारती उठल्या. तेथें असा निकाल म्हणजे पोथीची रद्दींत रवानगी होय. ग्रंथाची योग्यता व प्रतीची योग्यता ह्या गोष्टी भिन्न आहेत, हें दाखविण्यासाठीं हें टिपण.

गणेश कोंकणांतील नांदगांवचा. त्याचा बाप केशव हाही वेध घेणारा ज्योतिषी, ग्रहकौतुकाचा कर्ता. ग्रहलाघवाचा आरंभ शके १४४२ (इ. स. १५२०) हा आहे. ज्या-चापांवांचून ग्रहगणित साधिलें आणि ११ वर्षांचें चक्र कल्पून अहर्गण लहान ठेविला, ही त्याची युक्ति प्रसिद्धच आहे. ह्या सोपेपणामुळें सिद्धांतग्रंथांचें अध्ययन मागें पडलें, असा आक्षेप घेतात, व तो अगदींच खोटा नाहीं. गुणाकार-भागाकारावर ज्याचें पंचांग भागतें, तो भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाच्या वाटेस कशाला जाईल? परंतु आक्षेपक मध्यमाधिकारांतील एक श्लोक विसरतात. गणेशानें कोणत्याही एका पक्षाचा अभिमान धरिला नाहीं. सूर्य सौरपक्षाचा; चंद्रही सौराचाच, पण ९ कला कमी करून; गुरु, मंगळ व राहु आर्यपक्षाचे; शनि आर्यपक्षाचा, पण ५ अंश मिळवून; शुक्राचें केंद्र ब्राह्म व आर्य ह्यांच्या मध्यावर. शनीचे हे ५ अंश म्हणजे आकाशांत चंद्रबिंबाच्या सुमारें दसपट अंतर! परंपरेस इतका फरक उघडपणें देणारा मनुष्य आकाशाकडे पाहून लिहीत होता. उणें एवढेंच, कीं हे संस्कार कोणत्या वेधांवरून काढिले तें ह्या ग्रंथांत तो सांगत नाहीं. पुढील जोशांनीं आंकडे घेतले आणि वेध सोडिले.

शं. बा. दीक्षितांनीं १८९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत गणेशाची थोरवी दाखविली आहे. त्यांत ग्रंथकाराचा विचार आहे. घरोघरच्या प्रतींचा विचार आपणांस करावयाचा आहे. समासांत वापरकर्त्यानें केलेलें गणित हें प्रतीचें खरें धन. ग्रहलाघवाच्या रीतीनें शकांतून ४४४ वजा करून ६० नीं भागिलें कीं अयनांश येतात. लेखनकाल नसलेल्या पोथीच्या समासांत १८ अंश ५८ कला असा आंकडा दिसला, तर तो शके १५८२ चा, म्हणजे शाइस्तेखानानें चाकणचा किल्ला घेतला त्या १६६० सालचा. मात्र एखाद्या टीकेंतील उदाहरणच तेथें उतरलेलें नाहीं ना, हें आधीं ताडावें. विश्वनाथाची टीका तर उदाहरणांसाठींच लोकप्रिय झाली.

पलभेवरून गांव ठरविण्याचा मोह मात्र आवरावा. विषुवदिनीं मध्यान्हीं १२ अंगुळांच्या शंकूची जी छाया, ती पलभा. आम्हीं अक्षांशांवरून काढून पाहिली: चिंचवडची ४ अंगुळें व सुमारें ३ व्यंगुळें, चाकणची जेमतेम २ व्यंगुळें अधिक. व्यंगुळ म्हणजे अंगुळाचा ६० वा भाग. शंकूच्या छायेंत तो कोण मोजणार? जोशी सरळ ४ धरितो, आणि ४०, ३२, १३ हीं चरखंडें पुण्याच्या पोथींत व चाकणच्या पोथींत सारखींच येतात. गांवासाठीं समाप्तिलेख, विकत घेतल्याची नोंद, देण्याघेण्याची यादी हींच पाहिलीं पाहिजेत.

समाप्तिलेखाचें पान तेवढें राखून कोष्टकें टाकून देणारेही संग्राहक असतात. एकाच समासांत एका हातचे १८।५८ व दुसऱ्या हातचे २१।५६ असे अयनांश आले, तर दुसरा आंकडा शके १७६० चा. पहिल्यानें मांडलेल्या पोथीवर १७८ वर्षांनीं दुसरा कोणी गणित करीत होता, हें त्या टाकलेल्या पानांवरच कळावयाचें असतें.