तुकोबांचे भांडण

तुकोबांच्या गाथेतले चार गोड अभंग प्रसादासारखे घेऊन उठणाऱ्याला तुकोबा निम्मेच भेटतात. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पत्नी अन्नावाचून गेली. असा माणूस देवाला जाब विचारणारच. देव आपल्यापुरता मेला, इथवर त्यांची मजल जाते. मात्र संशय आधी आणि श्रद्धा मागून, असा सोपा जिना गाथेत नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. भांडण आहे ते घरच्याच माणसाशी. परक्याशी कोण इतके भांडेल? म्हणूनच त्यांची शांती उसनी वाटत नाही, कमावलेली वाटते. मुलाने देवघरापुढे अवघड प्रश्न विचारला, तर त्याला दटावण्याआधी वाचकांनी हे भांडणाचे अभंग एकदा काढून वाचावेत.