सीटखालची उरलेली जागा

पेटी बावीस गेजच्या जीआय पत्र्याची आहे आणि तिच्यात एकही काटकोन सापडत नाही. पुढून रुंद, मागे निमुळती, डावा कोपरा तिरपा कापलेला, तळ मध्येच वर उचललेला. बाहेर काढून टेबलावर ठेवली तर कुणीही म्हणेल, कारागिराचा हात कच्चा असावा. वाशीमच्या एका पत्रा-वेल्डिंगच्या दुकानात ती एका शंभर सीसीच्या मोटरसायकलसाठी बनली, आणि एमएच-37 च्या पाटीची ती गाडी आजही रिसोडच्या बाजूला धावते. रसग्रहण कवितेचंच करायचं असतं, असं शाळेनं आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. पण जिचं प्रत्येक वळण कारणानं आलेलं आहे अशी रचना हाती लागली, तर ती पत्र्याची आहे म्हणून सोडून द्यायची का?

आधी ती जिथे बसते ती जागा बघू. खरं तर मोटरसायकलच्या सीटखाली जागा अशी कुणी ठेवलेलीच नसते. चेसिसचे दोन नळ मागे जातात, त्यांच्यामध्ये मडगार्ड येतं, पुढच्या अंगाला बॅटरी आणि एअर फिल्टर, कडेनं मागच्या लाइटची वायरिंग. या सगळ्यांनी आपापलं घेऊन झाल्यावर वर सीटच्या पाट्यापर्यंत जे काही शिल्लक राहतं, ते या पेटीच्या वाट्याला येतं. कंपनीनं त्यात पानेपेचकसाची एक रेक्झिनची पिशवी कोंबलेली असते, बस.

स्कूटरवाल्यांचं तसं नव्हतं. 1972 साली आलेल्या बजाज चेतकला पायापुढे झाकणाची डिकी होती; तिच्यात भाजीपासून ऑफिसच्या फायलीपर्यंत काहीही जायचं. 2001 मध्ये अ‍ॅक्टिव्हा आली तेव्हा सीट उचलली की सामान ठेवायची जागा मिळू लागली. आता विजेच्या स्कूटरी तर लिटरांवर भांडतात: एथरची 2024 ची रिझ्टा सीटखाली 34 लिटर जागा सांगते. जाहिरातीत भाव आणि रेंजनंतर तोच आकडा. पण वाशीम जिल्ह्यातल्या पांदणीवर स्कूटरचं लहान चाक काय कामाचं? पावसाळ्यात काळ्या मातीतून शेतापर्यंत जायचं तर मोटरसायकलच लागते, आणि मोटरसायकल म्हटली की डिकी नाही. ही पेटी त्या पेचातून जन्मली.

तिचं माप घेण्याची रीत मला सगळ्यात जास्त आवडते. टेपनं ही जागा मोजताच येत नाही. सीट बसवली की आतलं दिसत नाही, आणि सीट काढली की वरची हद्दच उरत नाही. मग मिस्त्री काय करतो? घट्ट मळलेल्या कणकेचे लिंबाएवढे गोळे करतो, मडगार्डवर मेनकापड अंथरून ठिकठिकाणी ठेवतो, सीट लावतो आणि गिऱ्हाइकाला तिच्यावर बसवतो. एकट्याला नाही, दोघांना. सीट काढली की गोळे चेपलेले असतात, कुठे दोन बोटं, कुठे अर्धं. जिथे गोळा पार पापड झाला तिथे पेटीला वाव नाही. बंद अंधाऱ्या जागेचा नकाशा तिनं स्वतःच काढून दिलेला असतो. मग पुठ्ठ्याचा फर्मा, तो गाडीवर बसवून बघणं, कात्रीनं छाटणं, पुन्हा बसवणं. पत्र्याला हात लागतो तो फार उशिरा.

गिऱ्हाइकाला अर्थातच पेटी मोठी हवी असते.

‘मिस्त्री, अजून दोन बोटं खोल करा ना.’

‘करतो भाऊ, मले काय. पण मंग ते मडगार्डवर टेकते. गावापर्यंत खडखड आयकत जासान.’

या एवढ्या संवादात पेटीचं सगळं रचनाशास्त्र आलं. तळ मध्येच वर का उचललाय? कारण खाली मडगार्डची कमान आहे, आणि पत्र्याला पत्रा लागला की आवाज आला. म्हणून पेटी तळावर बसतच नाही. तिच्या वरच्या काठाला दोन्हीकडे बाहेर वळवलेली पट्टी आहे, ती चेसिसच्या नळांवर टेकते आणि पेटी अधांतरी लटकते. पट्टी आणि नळ यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचं रबर. डाव्या कोपऱ्याचा तिरपा काप वायरिंगसाठी. तिथे कोपरा राहिला असता तर इंजिनाच्या थरथरीनं वायरचं आवरण घासत घासत एक दिवस मागचा लाइट गेला असता. पुढची भिंत मागे कललेली दिसते, तीही उगीच नाही. बॅटरी काढाघालायला हात जायला हवा, त्यासाठी पेटी सोडवावी लागू नये, एवढा विचार त्या कलण्यात आहे. पेटीनं आपल्या मर्जीनं घेतलेला आकार शोधायला गेलं तर सापडत नाही. जिथे ज्याचा हक्क आधीचा, तिथे ती सरकली आहे. तिचं सौंदर्य म्हणायचं तर मी या शहाण्या माघारीला म्हणेन.

आता तळातलं भोक. पावसाळ्यात सीटच्या फटीतून पाणी उतरणारच, तेव्हा सगळ्यात खोल कोपऱ्यात निचऱ्याला भोक हवं, हे कुणालाही कळतं. पण भोक कोणत्या बाजूनं पाडायचं? बाहेरून खिळा ठोकला तर पत्र्याची कड आतल्या बाजूला उठते, तिचा बांध होतो आणि थोडं पाणी कायमचं साचून राहतं. गंज तिथूनच लागतो. या पेटीत भोक आतून बाहेर ठोकलंय. कड खाली वळलीय, भोवतीचा पत्रा किंचित खोलगट झालाय, शेवटचा थेंबसुद्धा निघून जातो. पेटी सामानानं भरली की हे कधीच कुणाला दिसणार नाही. बघणाऱ्याच्या नजरेला पडावं म्हणून केलेलं काम वेगळं आणि हे वेगळं.

जोडणीही वाचण्यासारखी आहे. एवढ्या पातळ पत्र्याला आर्क वेल्डिंगचा टाका मारला की पत्रा जळून भोकच पडतं, म्हणून इथे सगळीकडे रिव्हेट आहेत. वरची कड दुमडून घेतलेली. त्यामुळे बोट कापत नाही हा एक फायदा, आणि पातळ पत्र्याला ताठपणा येतो हा दुसरा. गाडीच्या मूळ अंगाला वेल्डिंग नाही, भोक नाही, कापणं नाही. चार बोल्ट सोडले की पेटी हातात. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण पेटी मोठी व्हावी म्हणून मडगार्ड कापणारे किंवा चेसिसची आडवी पट्टीच उडवणारे मी पाहिलेत. ती पट्टी दोन माणसांचा आणि खताच्या पोत्याचा भार पेलत असते. तिला हात लावणं हे धाडस नव्हे, अडाणीपणा आहे.

आत एक उभा पडदा आहे, आणि पेटीचा मालक कोण आहे ते त्या पडद्यावरून कळतं. एका बाजूला गाडीचं: प्लग पाना, दहा-बाराचा पाना, एक जास्तीचा प्लग, क्लचची तार, सगळं जुन्या जीनच्या कापडात गुंडाळून नाडीनं बांधलेलं, म्हणजे वाजणार नाही. दुसऱ्या बाजूला शेताचं: फवारणी पंपाचे वायसर आणि नोझल, सुतळी, घडी घातलेलं मेनकापड, आणि हंगामात सोयाबीनच्या नमुन्याची पुडी. बाजार समितीत माल न्यायच्या आधी ओल किती आहे ते बघून यायचं असतं. हमीभावाच्या खरेदीला एरवी 12 टक्क्यांच्या वर ओल चालत नाही, आणि सगळा माल भरून नेऊन परत आणणं परवडत नाही. पुडीचं काम सीटखाली भागतं.

कीटकनाशकाची बाटली मात्र या पेटीत येत नाही. ती हँडलला अडकवलेल्या वेगळ्या पिशवीतून जाते, कारण सीटखाली कधी भाकरीचं फडकंही असतं. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ते या भागात कुणी विसरलेलं नाही. पेटीत काय ठेवायचं नाही हेही तिच्या आशयातच धरायला हवं.

कागदपत्रांचा कप्पा, म्हणजे झाकणाच्या जागी सीटच्या पाट्याला चिकटवलेली प्लास्टिकची पिशवी, बहुतेक रिकामीच असते. 2018 पासून डिजीलॉकरमधलं लायसन आणि आरसी पोलिसांना दाखवलेलं चालतं. उरला सातबारा, तो अजून घडी घालूनच फिरतो.

1 जुलै 1998 ला वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि कचेरीच्या चकरांचं अंतर कमी झालं, पण चकरा संपल्या नाहीत. सहा तालुक्यांतली माणसं त्यासाठी आजही दुचाकीवरच निघतात. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्याच्या कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला, पण त्यावर दुचाकीला मज्जाव. तेव्हा मोटरसायकल जुन्याच रस्त्यानं जाते, शेलूबाजारवरून, खड्डे चुकवत. ट्रकमागून जाताना मागच्या कॅरिअरवर बांधलेलं ओझं चाकाच्या मागे लोंबतं आणि पुढचं चाक हलकं करतं. सीटखालचं ओझं दोन चाकांच्या मधे राहतं. पेटी लहान असण्याचा हाही एक फायदा, जो गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही.

होंडानं हा प्रश्न मोठ्या घरच्या पद्धतीनं सोडवला होता. एनसी 700 एक्स या गाडीत पेट्रोलची टाकी सीटखाली नेली आणि टाकीच्या नेहमीच्या जागी 21 लिटरची डिकी काढली, हेल्मेट मावेल अशी. कल्पना देखणी आहे, नाकारत नाही. पण ज्याला सगळी गाडीच नव्यानं मांडायची मुभा आहे, त्यानं जागा काढली यात नवल कसलं? वाशीमच्या मिस्त्रीला गाडी आयती मिळते, तीही दहा वर्षं वापरलेली, आणि संध्याकाळपर्यंत परत द्यायची असते.

पेटीत खोट आहेच. आतून लावलेलं लाल रेक्झिन मला पटत नाही. मालकाच्या हौसेखातर लावलंय, दिसतंही छान, पण त्याच्याखाली ओल धरते आणि भोकाचं सगळं शहाणपण अर्धं वाया जातं. नुसता रंगाचा हात पुरला असता. आणि बॅटरीकडच्या भिंतीला रबराचं अस्तर नाही, तिथे एखादा पाना भिंतीवरून उसळून पलीकडे गेला तर बॅटरीच्या टोकांवर आडवा पडायचा धोका आहे. मिस्त्रीला हे सांगितलं तर तो मान हलवतो. ‘लावून देतो, पुढल्या खेपेले घेऊन या.’

दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला पुठ्ठ्याचे फर्मे टांगलेत, प्रत्येकावर गाडीचं नाव खडूनं लिहिलेलं. त्याच मॉडेलची दुसरी गाडी आली की फर्मा उतरवायचा आणि पत्रा कापायचा, असं आपल्याला वाटतं. पण कुणी सीटमध्ये नवा फोम भरून घेतलेला असतो, कुणाच्या सीटचा पाटा पोती वाहून वाहून खाली बसलेला असतो, कुणी वायरिंग दुसऱ्या बाजूनं फिरवलेली असते. फर्म्यावरून अंदाज तेवढा येतो. म्हणून मिस्त्री फर्मा हातात घेतो, गाडीकडे एकदा बघतो आणि पोराला कणीक मळायला सांगतो.