पहिलीच आवृत्ती शेवटची

डिझाइनच्या कुठल्याही संस्थेचं वर्षअखेरीचं प्रदर्शन पाहिलं की मन प्रसन्न होतं, आणि घरी पोहोचेपर्यंत ती प्रसन्नता निम्मी विरलेली असते. पवईची आयडीसी घ्या, अहमदाबादची एनआयडी घ्या किंवा पुण्याजवळच्या लोणी काळभोरची डिझाइन संस्था घ्या, मुलं जीव ओतून काम करतात. भाजीवाल्यासाठी हातगाडी, आशाताईंसाठी औषधांची पिशवी, गुडघे दुखणाऱ्या आजीसाठी खुर्ची. कल्पना चांगल्या असतात, मॉडेल देखणी असतात. पण पाच वर्षांपूर्वीची हातगाडी आज कुठे आहे? ती कोणी रस्त्यावर ढकलली, तिचं चाक कधी निखळलं, आणि निखळल्यावर आराखड्यात काय बदललं? या प्रश्नांची उत्तरं बहुधा कोणाकडेच नसतात. भारतीय प्रॉडक्ट डिझाइनचं दुखणं मला नेमकं इथे दिसतं. कल्पनांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. आपण पहिली आवृत्ती काढतो, टाळ्या घेतो आणि पुढच्या कल्पनेकडे वळतो.

इतिहास सर्वांना पाठ आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. चार्ल्स आणि रे इम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला डिझाइनविषयी अहवाल दिला. त्यानंतर १९६१ मध्ये एनआयडी उभी राहिली. जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णींनी १९६९ मध्ये आयआयटी मुंबईत आयडीसीचा पाया घातला. राष्ट्रीय डिझाइन धोरण यायला मात्र २००७ साल उजाडलं. इम्स यांच्या अहवालातला लोटा तर आमच्या धंद्यात देवघरात जाऊन बसला आहे. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याला त्याची महती ऐकवली जाते : कडेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, घासायला किती सोपा. हे सगळं खरं आहे. पण लोट्याचं मर्म त्याच्या आकारापेक्षा त्याच्या वयात आहे. पिढ्यानपिढ्या तांबटांनी तो ठोकला, बायकांनी वापरला, नावं ठेवली, आणि पुढच्या तांबटाने गळा जरा अरुंद केला. हजारो आवृत्त्यांमधून उतरलेल्या वस्तूची आपण पूजा करतो, आणि स्वतः मात्र एकाच आवृत्तीवर थांबतो.

याला प्रक्रियाही जबाबदार आहे, किंवा प्रक्रियेच्या नावाखाली आज जे शिकवलं जातं ते. ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने दोन हिऱ्यांची प्रसिद्ध आकृती मांडली त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. शोधा, नेमकं ठरवा, घडवा, पोहोचवा. त्याच सुमारास स्टॅनफर्डची डी-स्कूल सुरू झाली आणि ‘डिझाइन थिंकिंग’ची लाट आली. आता बँकेतली मीटिंगसुद्धा भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्याशिवाय होत नाही. चिठ्ठ्यांशी माझं वैर नाही. पण ती आकृती जिथे संपते ती जागा एकदा नीट पाहा. दुसऱ्या हिऱ्याचं टोक म्हणजे वस्तू ग्राहकाच्या हातात. त्यापुढे कागद कोरा. वस्तूचं खरं आयुष्य तिथून सुरू होतं आणि आमची आकृती तिथेच मिटते.

खरी प्रक्रिया शिकायची तर भोसरीच्या एखाद्या टूलरूममध्ये जावं. तिथला जुना फिटर ड्रॉइंगवर नजर टाकून सांगतो, “साहेब, इथे ड्राफ्ट नाही, पीस निघणार नाही.” प्लास्टिकच्या भागाला किंचित उतार नसेल तर तो साच्यातून सुटत नाही. आतली रिब जाड झाली की बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खळगा पडतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, साच्यातून पोलाद काढणं सोपं असतं, भरणं अवघड. वेल्डिंगने भर घालता येते, पण ते खर्चाचं काम आणि साचाही कमजोर होतो. म्हणून जिथे शंका असेल तिथे साच्यात पोलाद मुद्दाम जास्त ठेवतात. भाग ढिला बसला तर थोडं पोलाद कोरायचं, की प्लास्टिक तेवढं जाड होतं. टूलरूममध्ये याला ‘स्टील-सेफ’ म्हणतात. पुढे चूक निघणार हे गृहीत धरून तिच्यासाठी आधीच जागा ठेवायची, असा विचार मला कुठल्याही रंगीत भिंतीवर दिसला नाही.

पण दुसऱ्या आवृत्तीचा मोठा शत्रूही हाच साचा आहे. त्यात लाखो रुपये अडकलेले असतात. ते वसूल होईपर्यंत मालक बदलाचं नावही काढू देत नाही. वसूल झाल्यावर म्हणतो, चालतंय ना, मग कशाला? डिझायनरचं बिल तर ड्रॉइंग हातात दिली त्या दिवशीच चुकतं झालेलं असतं.

नॅनो गाडीचंच पाहा. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये ती लोकांसमोर आली, तेव्हा पुण्याच्या अभियंत्यांनी केलेली काटकसर पाहून जगाने तोंडात बोटं घातली. दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या बाजूला, वायपर एकच, चाकाला नट तीनच. अभियांत्रिकीच्या दृष्टीने ते काम थोरच होतं. पण गाडीची मागची डिकी बाहेरून उघडत नव्हती. गावाला निघालेल्या कुटुंबाने बॅग मागची सीट पाडून आत ढकलायची, हे कोणाला तरी खटकायला हवं होतं. गाडी बाजारात आली २००९ मध्ये आणि उघडणारी डिकी आली २०१५ मध्ये. तोवर ‘सर्वात स्वस्त गाडी’ हा शिक्का घट्ट बसला होता. नवं वाहन दारात उभं करताना आपल्याकडे शेजाऱ्यांना पेढे वाटतात. स्वस्तपणाचे पेढे कोण वाटणार? २०१८ मध्ये नॅनोचं उत्पादन जवळपास थांबलं.

गोदरेजच्या छोटूकूलची कथा आपल्याला आणखी जवळची आहे. कॉम्प्रेसरऐवजी थर्मोइलेक्ट्रिक चिप, वजन आठ किलोच्या आत, बॅटरीवरही चालणारा, आणि थंडावा सांडू नये म्हणून झाकण वरून उघडणारं. हा छोटा फ्रिज तयार करताना कंपनीचे लोक उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, गावोगावच्या बायकांसमोर गेले, त्यांची मतं घेतली, रंगसुद्धा त्यांना विचारून ठरवला. पुस्तकात शोभावी अशी प्रक्रिया. तरीही गावांत तो चालला नाही. फ्रिज म्हटलं की घरात बर्फ जमायला हवा, आणि यात बर्फ जमत नव्हता. शिवाय आणखी थोडे पैसे टाकले की ‘खरा’ फ्रिज मिळतो, हे गणित कुठल्याही गृहिणीला कळतं. यातून एकच निष्कर्ष निघतो. बायकांनी समोर बसून दिलेली पसंती ही फक्त पहिली चाचणी असते. खरी चाचणी वस्तू वर्षभर ओट्याशेजारी राहिल्यावर होते. पुढे ही वस्तू शहराकडे वळली आणि तिला गाड्यांमध्ये वगैरे जागा मिळाली. धाराशिवची बाई जिथे होती तिथेच राहिली. तिच्यासाठीची दुसरी आवृत्ती आलीच नाही.

उलट उदाहरणं आहेत, आणि ती अनपेक्षित ठिकाणी आहेत. आपल्याकडची सर्वाधिक वापरली गेलेली डिझाइनची वस्तू कोणती, असं विचारलं तर मी मतदान यंत्राचं नाव घेईन. त्याचे पहिले प्रयोग १९८२ साली केरळातल्या परूर मतदारसंघात झाले, पण त्याचं आज दिसणारं रूप आयडीसीच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी घडवलं. निरक्षर मतदारालाही वापरता यावं, उन्हाळ्यात शाळेच्या वर्गात बॅटरीवर चालावं, आणि घाईत असलेल्या शिक्षकालाही सील करता यावं, अशा एकात एक गुंतलेल्या अटी होत्या. नाव, चिन्ह आणि निळं बटण एका ओळीत. बटण दाबलं की शेजारी लाल दिवा आणि लांब ‘बीप’, जी खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाते. त्या आवाजामुळे मत नोंदलं गेल्याचं लगेच कळतं. पुढे बटणांशेजारी ब्रेल आकडे आले. मग विश्वासाचा वाद पेटला आणि २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन मतदारसंघात पहिल्यांदा व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखवणारं यंत्र, आलं. मतदाराला आपली चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. त्या वादात कोण बरोबर होतं हा माझा विषय नाही. पण भांडण झालं, न्यायालयात गेलं, आणि वस्तू बदलली. लोकांचा अविश्वास हीसुद्धा डिझाइनची माहिती असते, हे इथे यंत्रणेला मान्य करावं लागलं.

जयपूर फूटचंही तेच. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी व्हल्कनाइझ्ड रबराचा असा पाय तयार केला, ज्यावर उकिडवं बसता येतं, अनवाणी शेतात जाता येतं. पण तो तिथे गोठला नाही. नडगीचा भाग आधी ॲल्युमिनियमचा होता, पुढे पाण्याच्या पाइपसाठी वापरतात त्या एचडीपीईचा झाला. कारण सोपं आहे : बनवणारा आणि घालणारा एकाच खोलीत असतात. कुठे टोचतं ते रुग्ण सांगतो आणि कारागीर तिथल्या तिथे बदलतो.

आमच्या कारखान्यांमध्ये ही खोली नाही. मिक्सरचं कुठलं बटण अडकतं आणि गीझरची कुठली क्लिप तुटते, हे सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाला जितकं ठाऊक असतं तितकं डिझायनरला नसतं. तो मुलगा भाग बदलतो, पावती फाडतो आणि विषय संपतो. मला विचाराल तर दर डिझायनरने नोकरीचे पहिले सहा महिने सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर काढावेत. इनोव्हेशनच्या परिषदांना मग नाही गेलं तरी चालेल.

पुरस्कारांचंही थोडं बोलायला हवं. आपल्या डिझाइन कौन्सिलचा ‘इंडिया डिझाइन मार्क’ जपानच्या ‘गुड डिझाइन’ पुरस्काराच्या सहकार्याने सुरू झाला. जपानमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या वस्तूंसाठी वेगळा ‘लाँग लाइफ’ पुरस्कार १९८० पासून दिला जातो. आपण नव्या वस्तूंचा पुरस्कार घेतला, तशी ही उरलेली अर्धी बाजूही मनावर घ्यावी, अशी माझी कौन्सिलला आणि उद्योजकांना विनंती आहे. उमेदवार शोधायला लांब जायला नको. आत बसणाऱ्या झाकणाचा प्रेशर कुकर घ्या. वाफेचा दाबच झाकण आतून घट्ट धरून ठेवतो आणि दाब उतरल्याशिवाय ते निघत नाही. घाईची सून असो की विसराळू सासू, कोणालाही ते वेळेआधी उघडता येत नाही. माझं पहिलं मत त्याला.