मोठे घर, पोकळ वासा

आयर्लंडमध्ये जमीनदाराच्या घराला 'बिग हाउस' म्हणतात. म्हणजे शब्दशः मोठे घर. गावातला कोणी हा शब्द आदराने उच्चारतो, कोणी दातओठ खाऊन. आपल्या कानांवर तो पडला की म्हणीचा उरलेला अर्धा भाग आपोआप ओठांवर येतो. एलिझाबेथ बोवेन ह्या कादंबरीकर्त्रीने आपल्या घराण्याचा व घराचा इतिहास 'बोवेन्स कोर्ट' ह्या नावाने १९४२ साली प्रसिद्ध केला. तो वाचताना ती म्हण माझा पिच्छा सोडीना. आश्चर्य एवढेच, की लेखिकेला वासा पोकळ असल्याचे पहिल्यापासून ठाऊक आहे, आणि तरीही तिचे घरावरचे प्रेम रतिभर कमी होत नाही. ह्या दोन गोष्टींची सांगड तिने कशी घातली, आणि ती कितपत जमली, एवढेच मला येथे पाहावयाचे आहे.

घराण्याची सुरुवात एका ससाण्यापासून होते. वेल्समधला कर्नल हेन्री बोवेन क्रॉमवेलच्या सैन्याबरोबर आयर्लंडमध्ये उतरला. त्याला ससाण्यांचा भारी नाद. एकदा क्रॉमवेल बोलत असता ह्याचे लक्ष पक्ष्याकडेच. तेव्हा संतापून क्रॉमवेलने ससाण्याची मान मुरगळली. पुढे राग निवळल्यावर, उरलेला ससाणा जेवढ्या जमिनीवरून उडेल तेवढी जमीन तुझी, असे त्याने सांगितले. ही दंतकथा आहे हे बाईंनाही कळते. पण जमीन मिळाली ती खरीच, आणि कोणाकडून तरी हिसकावूनच मिळाली. ससाणा मात्र घराण्याच्या मानचिन्हावर कायमचा येऊन बसला.

कॉर्क परगण्यात, फॅराही ह्या खेड्याजवळ तिसऱ्या हेन्रीने १७७५ च्या सुमारास घर पुरे केले. 'पुरे' म्हणावयाचे ते रीतीप्रमाणे. दगडी, चौकोनी, उंच खिडक्यांच्या रांगा असलेली ही वास्तू खरे पाहता अपुरीच राहिली. ईशान्येचा कोपरा बांधलाच गेला नाही. भव्य जिना वरच्या मजल्यापर्यंत नेण्याचा बेत होता. पैसा संपला आणि जिना मध्येच थांबला. नाचगाण्यासाठी योजलेला लांबलचक दिवाणखाना सर्वांत वर, आणि तिकडे जावयाचे ते मागल्या जिन्याने! ह्या घराचे वर्णन करताना बाईंची लेखणी जशी चालते तशी पुस्तकात इतरत्र क्वचितच चालते. खोल्यांत येणारा प्रकाश, भोवतालची शांतता, पावसाळी आकाशाखाली पडलेला तो एकाकी मुलूख ही पाने मी दोनदा वाचली. त्यानंतरचे वारसांचे कोर्टकज्जे मात्र, सरळच सांगतो, कंटाळवाणे आहेत. दर पिढीत एक हेन्री किंवा रॉबर्ट, आणि त्याच्या मागे वकिलांची फौज. नातेवाइकांच्या भांडणात परक्याला गोडी वाटावी म्हणून जो खोडसाळपणा लागतो तो बाईंजवळ आहे, पण घराण्याच्या कागदपत्रांसमोर त्या उगीच अदबीने उभ्या राहतात.

आता मूळ प्रश्न. आपल्या पूर्वजांचे बस्तान अन्यायावर बसले होते, असे ह्या लेखिकेने स्पष्ट लिहिले आहे. आपल्या वर्गाबद्दल एवढे बोलण्यास धैर्य लागते. १८४५ नंतर बटाट्याच्या पिकावर रोग पडून जो भीषण दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या काळात घरच्या मालकिणीने भुकेल्यांसाठी सूपचे अन्नछत्र उघडले होते. तो मजकूर वाचताना घास घशात अडकतो. परंतु ज्यांना ते सूप वाढले त्यांची नावे काय? त्यांची घरे कशी होती? पूर्वजांची पत्रे, मृत्युपत्रे, स्वभावाच्या लकबी आपल्याला कळतात. खंड भरणारी कुळे मात्र गर्दी म्हणून येतात आणि गर्दी म्हणूनच जातात. कागद मालकाच्या कपाटात राहतात, कुळांचे राहत नाहीत, हे खरे. पण कादंबरीकाराला कपाटाबाहेरही पाहता येते.

युद्धाच्या दिवसांत, लंडनवर बॉम्ब पडत असता, हे पुस्तक बरेचसे लिहिले गेले. म्हणूनच असेल, शेवटी बाई एक मुद्दा मांडतात: जमीनजुमला असलेल्या माणसाच्या सत्तेला निदान मालमत्तेचे वळण आणि बंधन होते, हिटलरच्या जगातली सत्ता उघडीनागडी आहे. मला हे पटत नाही. बंधन होते ते मालकाच्या मर्जीचे. आणि मर्जी ही कुळाच्या दृष्टीने मुळीच बंधन नव्हे. ह्याच काळात बाई ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्यासाठी तटस्थ आयर्लंडमधल्या लोकमतावर गुप्त अहवाल लिहीत होत्या. ते पुढे उघड झाले, तेव्हा तिकडच्या कित्येकांना ते रुचले नाही. दोन्ही देशांत घर असलेल्या माणसाची ही ओढाताण पुस्तकाच्या ओळींमागे सतत जाणवते.

वडिलांवरची प्रकरणे सर्वांत जिवंत. हे सहावे हेन्री बॅरिस्टर झाले आणि लँड कमिशनमध्ये काम करू लागले. जमीनदारांच्या जमिनी कुळांना विकत देण्याची व्यवस्था पाहणारे खाते ते हेच! जमीनदाराचा मुलगा जमीनदारी मोडण्याचे कायदे तपासत बसला आणि त्याच विषयावर त्याने जाडजूड ग्रंथही लिहिला. ह्या एका विसंगतीवर स्वतंत्र पुस्तक झाले असते. पुढे त्यांचे मन बिघडले. सात वर्षांच्या एलिझाबेथला घेऊन आई इंग्लंडला गेली आणि १९१२ मध्ये तिथेच वारली. मुलगी तेरा वर्षांची होती.

१९२१ च्या वसंतात एका रात्री शेजारची तीन मोठी घरे क्रांतिकारकांनी जाळली. तेव्हा इटलीत असलेल्या मुलीला वडिलांनी लिहिले, की पुढची बातमी आपल्या घराची असेल, मनाची तयारी ठेव. तिने घर मनात जळताना पाहिले. प्रत्यक्षात आग लागलीच नाही. १९२२ च्या यादवीत प्रजासत्ताकवाद्यांची एक तुकडी मात्र तेथे मुक्कामाला आली. घर उडवून देण्याची सिद्धता त्यांनी केली होती. पण फावल्या वेळात हे थकलेले तरुण पुस्तके वाचीत पडत, आणि त्यांना विशेष आवडला तो किप्लिंग! आपल्या मुंबईत जन्मलेला, साम्राज्याची आरती ओवाळणारा किप्लिंग, आणि वाचणारे कोण, तर साम्राज्याचे हाडवैरी. असा प्रसंग रचण्याची कल्पिताची छाती झाली नसती.

मनात पाहिलेली ती आग बाईंनी १९२९ च्या 'द लास्ट सप्टेंबर' ह्या कादंबरीत लावली. बाहेर लष्करी लॉऱ्या फिरताहेत, आत टेनिसच्या मेजवान्या चालल्या आहेत, आणि घरातील वडीलधारी मंडळी जे दिसते आहे ते पाहावयाचे नाही असे ठरवून बसली आहेत. शेवटी डॅनिएल्सटाउन जळते. इतिहासाला शेकडो पानांत जो न्याय करता आला नाही, तो कादंबरी त्या शेवटच्या थोड्या मजकुरात करते, कारण तेथे कोणाचीही वकिली नाही.

खऱ्या घराचा शेवट निराळा झाला. १९३० साली वडील वारले आणि घर बाईंकडे आले; त्या घराच्या पहिल्या स्त्री-वारस. १९५२ मध्ये पती गेल्यावर एवढा डोलारा पुस्तकांच्या मिळकतीवर सांभाळणे जमेना. १९५९ मध्ये त्यांनी तो शेजारच्या एका शेतकऱ्याला विकला. तो मुलाबाळांसह राहील ही आशा होती. त्याला जमीन आणि झाडांचे लाकूड हवे होते. १९६१ पर्यंत घर पाडून झाले. १९६४ च्या आवृत्तीला जोडलेल्या टिपणात बाई तक्रार करीत नाहीत. घर भग्नावशेष होऊन तिष्ठत राहिले नाही, हा शेवट स्वच्छ झाला, असेच त्या म्हणतात. ससाण्याने मिळविलेली जमीन पैसे मोजून नांगर धरणाऱ्याकडे गेली, ही गोष्ट त्यांनी ज्या शांतपणे लिहिली आहे, तिथे मी त्यांच्याशी मांडलेले भांडण बरेचसे मागे घेतो.

दोन्ही पुस्तके वाचावयाची झाल्यास आधी कादंबरी घ्यावी. मग 'बोवेन्स कोर्ट'मधली घराच्या वर्णनाची पाने, दुष्काळ, वडील, आणि ते शेवटचे टिपण. कज्जे वगळले तरी चालतील.