चित्रातील रेषा आणि चित्रावरील रेषा

चित्ररचनेतील भूमितीविषयी लिहिताना समीक्षक एक सोयीची पद्धत अवलंबितात. चित्राची छापील प्रतिकृती घ्यावयाची, तिच्यावर कर्ण, मध्यरेषा, वर्तुळे आणि पंचकोन आखावयाचे, आणि एखाद्या आकृतीचे मस्तक किंवा हात त्या रेषांपैकी एकीवर आला की चित्रकाराच्या मनातील आराखडा हाती लागला असे म्हणावयाचे. शार्ल बूलो यांच्या १९६३ मधील फ्रेंच ग्रंथाने या पद्धतीस विशेष प्रतिष्ठा मिळवून दिली. त्या ग्रंथाच्या उपशीर्षकातच चित्रकारांच्या गुप्त भूमितीचा उल्लेख आहे. बूलो यांचा व्यासंग मोठा होता हे नाकारण्याचे कारण नाही. आल्बेर्तीने वास्तुशास्त्रावरील ग्रंथात दालनांसाठी २:३, ३:४ यांसारखी संगीतातील प्रमाणे सुचविली होती, हा त्यांनी घेतलेला आधारही खरा आहे. परंतु दालनासाठी सांगितलेले प्रमाण चित्रकाराने आपल्या फलकावर वापरलेच असेल, ही पुढची पायरी निराधार राहते.

या पद्धतीवरील मुख्य आक्षेप असा की ती कधीच हरत नाही. आयताचे दोन कर्ण, प्रत्येक अर्धाचे दोन कर्ण, लहान बाजूवर उभारलेले दोन चौरस आणि त्यांचे कर्ण इतके आखले तरी पृष्ठभागावर छेदबिंदूंची दाटी होते. त्या दाटीत कोणाचे ना कोणाचे नाक सापडणारच. सापडले तर नियम सिद्ध झाला. न सापडले तर चित्रकाराने प्रतिभेच्या बळावर नियम मोडला, असे स्पष्टीकरण तयार असते.

व्याकरणशास्त्राला हा पेच अपरिचित नाही. भाषेच्या नमुन्यांवरून अभ्यासकाने मांडलेली व्यवस्था ही एक गोष्ट, आणि बोलणारा ज्या नियमाने बोलतो तो नियम ही दुसरी. पहिलीवरून दुसरीचे अनुमान करता येते. पण त्यास पुरावा लागतो. पूर्वी कधी न ऐकलेला शब्द समोर आला असता बोलणारा त्याला तोच प्रत्यय लावतो काय? मूल चुकते तेव्हा कोणत्या दिशेने चुकते? अशा कसोट्यांवाचून केलेली वर्गवारी अभ्यासकाच्या वहीतच राहते. चित्राच्या बाबतीतही तीच शिस्त पाळली पाहिजे. चित्रावर नंतर ओढलेली रेषा आणि चित्र घडत असताना हाताला वाट दाखविणारी रेषा यांत अंतर आहे, आणि ते अंतर शब्दचातुर्याने बुजत नाही.

या गोंधळाचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे तथाकथित सुवर्णच्छेद. हे गुणोत्तर युक्लिडला ठाऊक होते. परंतु त्याला 'सुवर्ण' हे विशेषण छापील ग्रंथात १८३५ मध्ये मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाने लावलेले आढळते, आणि सौंदर्याचा सार्वत्रिक नियम म्हणून त्याचा पुरस्कार आडोल्फ त्सायसिंग यांनी १८५४ मध्ये केला. त्यानंतर ते पूर्वीच्या सर्व चित्रांत सापडू लागले. लिओनार्दोच्या अपूर्ण 'संत जेरोम' या चित्रावर असा सुवर्ण आयत नेहमी आखला जातो. जॉर्ज मार्कोव्स्की यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की जेरोमचा पसरलेला हात त्या आयताच्या बाहेर जातो. शिवाय हे चित्र १४८० च्या सुमाराचे, तर या गुणोत्तराचा स्तुतिपाठक लुका पाचोली मिलानला आला तो १४९६ मध्ये. पाचोलीचा 'दैवी प्रमाण' हा ग्रंथ १५०९ मध्ये छापला गेला आणि त्यातील घनाकृती लिओनार्दोने काढल्या हे खरे. पण त्यावरून सुमारे तीस वर्षे आधीच्या चित्राचा उलगडा होत नाही. विसाव्या शतकातील चित्रकारांची गोष्ट निराळी. दालीने १९५५ च्या 'अंतिम भोजना'त द्वादशफलक उघडपणे रंगविला आहे. तेथे हे गुणोत्तर शोधणे म्हणजे दारावरची पाटी वाचणे होय.

मग खरा पुरावा कोणता? कधी तो भिंतीवरच असतो. फ्लोरेन्समधील सान्ता मारिया नोव्हेल्ला या चर्चमध्ये मासाच्चोने १४२७ च्या सुमारास रंगविलेल्या 'त्रिमूर्ती' या भित्तिचित्रात, क्रूसाच्या पायथ्याखाली, खिळा ठोकल्याची खूण आहे. त्या खिळ्याला दोरी बांधून कमानीच्या रेषा ओल्या गिलाव्यात ओढलेल्या आहेत आणि मेरीच्या मुखावर चौकटींची जाळी कोरलेली आहे. कधी पुरावा ग्रंथातून मिळतो. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मनुष्याकृती काढण्यासाठी मधले ब्रह्मसूत्र आणि दोन बाजूंची पक्षसूत्रे सांगितली आहेत. आकृती समोरासमोर असता दोन्ही बाजूंस सहा सहा अंगुले. ती वळू लागली की एक बाजू वाढते आणि दुसरी तितकीच घटते. 'सूत्र' या एकाच शब्दात दोरा आणि नियम हे दोन्ही अर्थ नांदतात, ते काही केवळ लक्षणेने नव्हे. कारागिराच्या हातातील दोराच येथे नियम आहे. त्या नियमाने नवी आकृती काढता येते. प्रतिकृतीवर मागाहून आखलेल्या कर्णांनी कोणतेच चित्र काढता येत नाही.

या दृष्टीने पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याच्याइतका कसोटीला उतरणारा चित्रकार दुसरा क्वचितच सापडेल. १४९२ मध्ये निधन पावलेल्या या चित्रकाराने यथार्थदर्शनावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला, व्यवहारगणितावर लिहिले आणि पाच नियमित घनांवरही लिहिले. हे शेवटचे लिखाण पाचोलीने आपल्या ग्रंथात सामावून घेतले, म्हणून वासारीने त्याच्यावर चौर्याचा आरोप केला. सुवर्णच्छेदाचे गणित पिएरोला उत्तम अवगत होते. द्वादशफलकाचे माप त्यावाचून काढताच येत नाही. असे असूनही चित्रविद्येवरील आपल्या ग्रंथात त्याने चित्रफलक या गुणोत्तराने विभागावा असे कोठेही सांगितलेले नाही. चित्रविद्येचे त्याने तीन भाग केले: रेखन, प्रमाणबद्ध स्थापना आणि रंगकाम. दुसऱ्या भागासाठी त्याने वापरलेल्या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ 'एकाच मापाने मोजता येणे' असा आहे. पृष्ठभागाची सुबक वाटणी त्याला अभिप्रेत नाही. अवकाशात वस्तू कोठे आहे आणि डोळ्यापासून किती दूर आहे, हा त्याचा प्रश्न आहे. ग्रंथाच्या तिसऱ्या भागात तो मानवी मस्तकाचे आडवे छेद घेऊन, बिंदूमागून बिंदू, ते फलकावर उतरवितो. इतके कंटाळवाणे काम ज्याने आनंदाने केले त्याला गुप्त पंचकोनांची गरज होती असे वाटत नाही.

उर्बिनो येथील त्याचे 'ख्रिस्ताला फटके' हे लहानसे फलकचित्र पाहावे. डावीकडे, मागे, खांबांच्या मंडपात ख्रिस्ताला स्तंभाशी बांधून फटके मारीत आहेत. पिलात बसून पाहात आहे. उजवीकडे, अगदी पुढे, तीन पुरुष उभे आहेत. त्यांतला मधला तरुण अनवाणी असून लाल वस्त्रात आहे. मागे काय चालले आहे याची त्यांना दखल नाही. हे तिघे कोण, यावर शतकाहून अधिक काळ वाद आहे. कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९८१ मध्ये आणि जॉन पोप-हेनेसी यांनी १९८६ मध्ये परस्परांशी न जुळणारी उत्तरे दिली आहेत.

रेषा आखणाऱ्यांनी या चित्रालाही सोडलेले नाही. चौरसाची बाजू आणि कर्ण यांचे गुणोत्तर, म्हणजे २ चे वर्गमूळ, येथे असल्याचे सांगितले जाते. फलक सुमारे ५८.४ सेंटिमीटर उंच आणि ८१.५ सेंटिमीटर रुंद आहे. वर्गमूळाच्या हिशेबाने रुंदी ८२.६ हवी, ७:५ या साध्या गुणोत्तराने ती ८१.८ येते, म्हणजे अधिक जवळ. त्यातही काही याद्यांत उंची ५९ दिली आहे, आणि तेवढ्याने दोन्ही उत्तरे डळमळतात. अर्ध्या सेंटिमीटरच्या फरकाने जो सिद्धांत बदलतो त्यावर अर्थनिर्णयाचा भार टाकणे धाडसाचे आहे.

आता फरशीकडे यावे. १९५३ मध्ये रुडॉल्फ विटकोवर आणि बी. ए. आर. कार्टर यांनी चित्रातील यथार्थदर्शनावरून उलट गणित करून मंडपाचा तळआराखडा आणि उभा आराखडा पुन्हा मांडला. तो मांडता आला हीच महत्त्वाची गोष्ट. एखाद्या अंदाजाने काढलेल्या मंडपाचा असा आराखडा निघत नाही. खांब एकमेकांत घुसतात, फरश्या लांबट होतात. येथे बाहेरच्या चौकातील फरशी आणि आतील खण एकाच मापात बसतात. ख्रिस्त ज्या खणात उभा आहे तेथे चौरसात वर्तुळ आहे, आणि शेजारच्या खणांतील दगडी नक्षी त्याहून गुंतागुंतीची आहे. चित्रातील क्षितिज इतके खाली आहे की ही नक्षी चपट्या पट्ट्यांसारखी दिसते. चित्रासमोर उभे राहून ती वाचणे जवळजवळ अशक्य आहे. तरीही पिएरोने ती पूर्ण सोडविली. येथे भूमिती ही समीक्षकाने कल्पिलेली नाही. पाहणाऱ्याला न दिसणारी असूनही ती चित्रकाराच्या हातून घडलेली आहे.

या भूमितीचे चित्रात कार्य काय? पुष्कळ टीकाकारांनी डावे दृश्य हे तिघांच्या मनातील दर्शन मानले, जणू तो वेगळाच लोक आहे. फरशी त्यास साथ देत नाही. ख्रिस्त लहान दिसतो, कारण तो तितका दूर आहे. आणि ते अंतर फरश्या मोजून सांगता येते. तो तरुण आणि तो स्तंभ एकाच जमिनीवर आहेत. या चित्रात जे काही वेगळे पाडणारे आहे ते प्रकाशाचे काम आहे. बाहेरचा प्रकाश डावीकडून येतो, आणि ख्रिस्ताच्या वरील छताचा खण मात्र दुसऱ्याच कोठल्या तरी उजेडाने उजळला आहे. मॅरिलिन लेव्हिन यांनी १९६८ च्या लेखात याकडे लक्ष वेधले. म्हणजे प्रकाश म्हणतो की तेथे काही निराळे घडत आहे. फरशी म्हणते की ते येथेच, इतक्या पावलांवर घडत आहे. चित्रातील अस्वस्थता या दोन विधानांच्या विरोधातून उत्पन्न होते. फटके इतक्या जवळ पडत असता तिघे शांतपणे उभे आहेत, हे जमीन मोजलेली नसती तर जाणवलेच नसते.

तिघांची नावे मात्र फरशीतून निघत नाहीत. विटकोवर यांच्या पद्धतीचे अनुकरण करणाऱ्यांनी आराखड्यातील आकड्यांना गूढ धार्मिक अर्थ देण्याचा मोह धरला, तेव्हा ते पुन्हा प्रतिकृतीवर रेषा आखणाऱ्यांच्याच पंक्तीत जाऊन बसले. अंतर मोजता येते; ते अंतर ओलांडून मागे वळून पाहावे असे त्या तिघांपैकी एकालाही का वाटत नाही, हा प्रश्न मोजमापापाशी थांबत नाही.