दिसलं नाही म्हणजे नव्हतं का?

प्रवासवर्णनातून जे मिळतं त्याला ज्ञान म्हणायचं का, हा आजचा प्रश्न. त्यासाठी आपण एक फार लोकप्रिय पुस्तक घेऊ, अर्नेस्तो गेव्हारा याचं ‘मोटारसायकल डायरीज’. तो पुढे ‘चे’ झाला, टी-शर्टवर गेला. ते सगळं तासभर बाजूला ठेवू. १९५२ च्या जानेवारीत घराबाहेर पडलेला, वैद्यकीय शिक्षण अजून पुरं न झालेला तेवीस वर्षांचा एक मुलगा, एवढंच डोळ्यांसमोर असू द्या. सोबतीला मित्र आल्बेर्तो ग्रानादो आणि जुनी नॉर्टन ५००. तिचं लाडाचं नाव ‘ला पोदेरोसा’, म्हणजे बलशाली.

आता गंमत बघा. ही बलशाली अर्ध्या वाटेपर्यंतसुद्धा टिकत नाही. दक्षिणेकडून अँडीज ओलांडून ती चिलीत शिरते, तिथे मोडते आणि सांतियागोला कायमची राहते. पेरूचे उंच डोंगर, तितिकाका सरोवर, कुस्को, माचू पिचू हा सगळा प्रवास मोटारसायकलशिवायचा, बराचसा मालवाहू ट्रकवरचा. पुस्तकाचं नाव मात्र मोटारसायकलचं. आमचं म्हणणं असं की हे पुस्तक खऱ्या अर्थानं सुरू होतं ते गाडी मेल्यावर. गाडी असेपर्यंत विषय हे दोघेच: पडणं, पंक्चर, फुकटचं जेवण कसं मिळवलं. वाचायला मजा येते, नाही असं नाही. पण गाडी गेली आणि चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणींकडे जाताना एक खाणकामगार आणि त्याची बायको भेटतात. कम्युनिस्ट म्हणून तो तुरुंगात जाऊन आलेला. रात्री कडाक्याची थंडी, जोडप्याकडे पांघरूण नाही. इथे लेखकाचा सूर बदलतो. ज्याला कुणाकडे तरी जागा मागावी लागते, त्याला माणसं दिसू लागतात.

मार्चच्या शेवटी ते पेरूत, ताराता गावावरून तितिकाकाकडे निघतात. सरोवर समुद्रसपाटीपासून ३८०० मीटरवर. ट्रकमध्ये भोवती आयमारा माणसं. आणि इथे गेव्हारा एक निर्णय देऊन टाकतो: हे हरलेले लोक आहेत, यांच्या नजरेत भीती आहे, बाहेरच्या जगाबद्दल उदासीनता आहे. त्याला कळवळा आहे, याबद्दल शंका नको. पण कळवळा म्हणजे ज्ञान नव्हे. आपल्याला हा निर्णय तपासायचा आहे.

आपल्याकडे भाट्ट मीमांसकांनी ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानलं. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घट नाही हे कळतं. पण त्याला एक अट आहे. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. तिला ‘योग्य’ अनुपलब्धि म्हणतात. काळोखात घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

आता विचारू या. आयमारा माणसांच्या ठायी या प्रवाशाला प्रतिकार दिसला नाही. ही अनुपलब्धि योग्य होती का? त्याला आयमारा येत नव्हती. मुक्काम फार तर काही दिवसांचा. समोरच्या माणसानं अनोळखी गोऱ्या तरुणापुढे मन उघडावं असं काही कारण नव्हतं. म्हणजे काळोखच की हा!

त्या काळोखात काय होतं? दोन गोष्टी बघू. त्याच सरोवरात ताकिले नावाचं बेट आहे, क्वेचुआ बोलणाऱ्यांचं. आज ते तिथल्या विणकामासाठी ओळखलं जातं; युनेस्कोनं २००५ मध्ये त्या कलेची दखल घेतली. पण विसाव्या शतकात तिथल्या लोकांनी आपल्याच बेटाची जमीन जमीनदारांकडून टप्प्याटप्प्यानं विकत घेतली होती. हरलेले लोक हे करत नसतात. दुसरी गोष्ट पलीकडच्या काठाची, म्हणजे बोलिव्हियाची. गेव्हारा सरोवराकाठून गेला त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, ९ एप्रिल १९५२ ला, तिथे क्रांती झाली. ती मुख्यतः शहरातली आणि खाणकामगारांची, हे खरं. पण त्याच वर्षी मतदानासाठी साक्षरतेची अट गेली, आयमारा आणि क्वेचुआ लोकांना मत मिळालं. पठारावरच्या शेतकऱ्यांनी जमिनी ताब्यात घेतल्या, आणि ऑगस्ट १९५३ मध्ये जमीन सुधारणेचा कायदा झाला. प्रवाशाला भविष्य कळायला हवं होतं असं आपण म्हणत नाही. जे कळलं नाही त्याला ‘नाही’ म्हणू नये, एवढंच.

लेखकाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. सुरुवातीलाच तो वाचकाला बजावतो की मी रात्रीचा फोटो म्हणून काही पुढे केलं, तर ती जागा माहीत नसलेल्या तुम्हाला माझ्या शब्दावरच विसंबावं लागेल. इतकं प्रामाणिकपणे किती लेखक सांगतात? शिवाय त्याच ट्रकच्या प्रवासात एक शिक्षक भेटतो, राजकीय मतांमुळे नोकरी गेलेला. तो इथल्या लोकांच्या चालीरीती सांगतो, त्यांच्यासाठी शाळा कशा हव्यात ते सांगतो. घाटमाथ्यावर वाटसरू दगड ठेवतात आणि आपलं दुःख पाचामामाच्या, धरणीमातेच्या हवाली करतात, ही प्रथाही तिथेच येते. पानाचा पोत लगेच बदलतो, कारण आता नुसतं पाहणं नाही, ऐकणंही आहे. न्यायाच्या भाषेत सांगायचं तर प्रत्यक्षाला शब्दप्रमाणाची जोड मिळाली.

पंधरा वर्षांनी, १९६७ मध्ये, हाच माणूस बोलिव्हियात बंदूक घेऊन लढत होता. तिथल्या रोजनिशीत महिन्यामागून महिना एकच नोंद येते: शेतकरी येऊन मिळत नाहीत. कारणं अनेक होती. एक असं दिलं जातं की १९५३ नंतर अनेकांकडे स्वतःची जमीन होती. १९५२ च्या एका वाक्यामुळे १९६७ घडलं असं म्हणणं पोरकटपणाचं होईल. पण दुसऱ्याच्या मौनाचा अर्थ आपणच लावायची सवय किती महाग पडू शकते, हे यातून दिसतं.

आज तितिकाकावर पर्यटक उरू लोकांची तरंगती बेटं बघायला जातात. तोतोरा नावाच्या लव्हाळ्याची ही बेटं. खालचा थर कुजतो, वर नवा टाकत राहावा लागतो. तासाभरात एवढं दिसतं. पण ते लव्हाळं कापायचा हक्क कोणाचा, यावरून १९७८ मध्ये झालेल्या राखीव क्षेत्राचं प्रशासन आणि उरू लोक यांच्यात वाद झाले, हे होडीतून दिसत नाही. मग कोणी लिहितो, ‘साधी, समाधानी माणसं’. हरलेली म्हणा की समाधानी म्हणा, चूक तीच.

तेव्हा प्रवासवर्णन वाचताना, आणि तुमच्यापैकी कोणी लिहिणार असेल तर लिहितानाही, एवढं विचारावं: हे दिसावं इतका उजेड होता का, इतका वेळ होता का, ती भाषा येत होती का? तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर ‘नाही’ या शब्दाऐवजी ‘दिसलं नाही’ असं लिहावं. आता प्रश्नांकडे वळू.