जादूच्या शाळेतील शहानिशा

मुलांच्या रहस्यकथांविषयी गंभीरपणे लिहावे, असे आपल्याकडे फारसे कोणाला वाटत नाही. मूल अशी कथा घेऊन कोपऱ्यात बसले की ‘निदान दंगा तरी करीत नाही’ एवढ्यावर घरातली मोठी माणसे समाधान मानतात. आणि टीकाकार तर सहसा त्या वाटेला जातच नाहीत. परंतु जी पुस्तके एका पिढीने जेवणाचे ताट बाजूला सारून वाचली, आणि आता जी तीच पिढी आईबाप होऊन आपल्या मुलांच्या हाती देत आहे, ती नुसत्या करमणुकीच्या सदरात टाकून मोकळे होणे बरे नव्हे. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेची हॅरी पॉटरची सात पुस्तके या जातीची आहेत. पहिले १९९७ साली लंडनच्या ब्लूम्सबरी प्रकाशनाने काढले, तेव्हा पक्क्या बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या होत्या. सातवे २००७ साली आले, तेव्हा दुकानांपुढे मध्यरात्री रांगा लागल्या होत्या.

या पुस्तकांतल्या जादूविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मला येथे तिच्यापेक्षा तपासाविषयी बोलावयाचे आहे. १९९७, १९९८ आणि १९९९ या तीन वर्षी आलेली पहिली तीन पुस्तके नीट पाहिली, तर त्या जादूचा झगा घातलेल्या रहस्यकथाच आहेत, हे ध्यानात येते. हॅरी, रॉन आणि हर्मायनी हे तीन मित्र हॉगवर्ट्स नावाच्या निवासी शाळेत जादू शिकावयास येतात. तेथे दर वर्षी काहीतरी अघटित घडते, आणि मास्तरांच्या डोळ्यांआड ही तिघे त्याचा छडा लावतात. मात्र ‘गुन्हेगार कोण’ या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न लेखिकेने ठेवला आहे: आपण एखाद्याला गुन्हेगार ठरवितो ते कशाच्या आधारावर? माझ्या मते या पुस्तकांचे खरे मोल त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

शाळेची कथा इंग्रजीत नवी नाही. टॉमस ह्यूझ यांची टॉम ब्राउनची गोष्ट १८५७ सालची. सुट्टीत चोर पकडणारी मुले एनिड ब्लायटन यांनी १९४२ पासून घरोघर पोहोचविली. जादूगारांची शाळाही उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने १९६८ साली रोक नावाच्या बेटावर उभी केली होती. आपल्याकडे तर विद्या शिकण्यासाठी शुक्राचार्यांच्या आश्रमात राहिलेला आणि तीनदा मारला जाऊन तीनदा उठलेला कच पुराणांतच आहे. आणि शाळकरी पोराने नको तेथे नाक खुपसून भानगड उघडकीस आणावी, हे भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या वाचकांना सांगावयास नको. रोलिंगबाईंनी शाळा, चोर आणि जादू ही तिन्ही सूते एका मागावर घेतली. वस्त्र मात्र त्यांचे स्वतःचे आहे.

पहिल्या पुस्तकाची मांडणीच पाहा. (ज्यांनी ते वाचलेले नाही, त्यांनी येथून पुढे सांभाळून वाचावे!) जादूगारांच्या पेढीतल्या ७१३ क्रमांकाच्या तिजोरीतून एक लहानसे पुडके शाळेचा राखणदार हॅग्रिड काढून नेतो, आणि त्याच दिवशी त्या तिजोरीवर दरोडा पडतो. शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका वाटेवर मुलांना जाण्यास बंदी आहे. तेथे तीन डोक्यांचा कुत्रा बसलेला आहे. तिघे त्याला पाहून धूम ठोकतात. पण कुत्र्याच्या पायांखाली तळघराचे दार होते, हे एकट्या हर्मायनीने पाहिलेले असते. भोळ्या हॅग्रिडच्या तोंडून निकोलस फ्लामेल हे नाव निसटते, आणि मग आठवडेच्या आठवडे ही मुले शाळेच्या ग्रंथालयात त्या नावामागे लागतात. नाव सापडते ते चॉकलेटबरोबर मिळणाऱ्या चित्राच्या पाठीवर! हॅरीने ते आगगाडीत, शाळेला येतानाच, वाचलेले होते. वाचकानेही वाचलेले असते, आणि तोही विसरलेला असतो. उत्तम रहस्यकथेची खूण हीच. खुणेचा दगड वाटेवर उघडा पडलेला असतो, आपण त्याला ठेचकाळून पुढे जातो.

हा फ्लामेल कल्पनेतला नाही. तो पॅरिसमधला एक लेखनिक. १४१८ साली वारला. त्याला परीस सापडला होता, अशी आख्यायिका मागाहून पसरली. मराठी अनुवादाच्या नावात ‘परीस’ हाच शब्द आला आहे, आणि तो अगदी बेतशीर आहे. फरक इतकाच, की आपला परीस लोखंडाचे सोने करून थांबतो, त्यांच्या परिसातून अमृतही निघते. तेव्हा चोर सोन्याच्या लोभाने आलेला नाही, मरणाच्या भयाने आलेला आहे, हे आपल्या वाचकाला थोडे उशिरा उमगते.

आता तपासाकडे वळू. मुलांचा संशय स्नेप या शिक्षकावर बसतो. आणि का बसू नये? तो काळ्या झग्यातला, तेलकट केसांचा, कुजके बोलणारा. वर्गात हॅरीचा पाणउतारा करणारा, भित्र्या नेव्हिलला थरथर कापावयास लावणारा. त्याचा पाय कुत्र्याने फोडलेला मुलांनी पाहिला आहे. खेळाच्या सामन्यात तो हॅरीवर नजर रोखून काहीतरी पुटपुटत होता, हेही पाहिले आहे. दुसरीकडे क्विरल मास्तर. बिचारा अडखळत बोलतो, सावलीला भितो. त्याचा संशय घ्यावा तर आपल्यालाच पाप लागेल! आणि अखेरीस तळघरात उभा असतो तो क्विरल. स्नेप पुटपुटत होता तो हॅरीला वाचविण्यासाठी, आणि कुत्र्याजवळ गेला होता तो चोराला अडविण्यासाठी.

येथे लेखिकेने केवळ वाचकाला चकविले, असे म्हणून थांबता येत नाही. मुलांनी जे जे पाहिले ते सारे खरे होते. पाय खरोखर फुटलेला होता, ओठ खरोखर हलत होते. पाहण्यात काही चुकले नाही; चुकले ते जोडण्यात. ‘हा आम्हांला आवडत नाही’ या धाग्यात त्यांनी सारे पुरावे ओवले, आणि माळ सुरेख झाली म्हणून ती खरी मानली. पुष्कळ मुलांच्या रहस्यकथांत कपाळावर आठ्या असलेला माणूस शेवटी चोरच निघतो. त्या कथा मुलाच्या नावडीवर शिक्कामोर्तब करतात. ही कथा त्या नावडीलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी करते.

त्याहूनही बारीक गोष्ट पुढे आहे. स्नेप चोर नव्हता म्हणून तो चांगला शिक्षक ठरतो काय? मुळीच नाही. नेव्हिलला त्याने जे भोगावयास लावले ते तसेच शिल्लक राहते. माणूस वर्गात निर्दय असू शकतो आणि तरीही चोर नसू शकतो, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे प्रौढांनाही जमत नाही. लेखिका ते अकरा वर्षांच्या वाचकाकडून करवून घेते. खडू हाती धरून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याला या ठिकाणी थोडे अवघडल्यासारखे होते, हे सांगितलेच पाहिजे. मुले आपल्याविषयी काय काय माळा ओवीत असतील, हा विचार मनात येतो. आणि आपणही त्यांच्याविषयी ओवतो, हा त्याच्या पाठोपाठ येतो.

दुसऱ्या पुस्तकाने नेमका हाच दुसरा विचार हाती घेतला आहे. येथे चुकली आहे ती शाळाच. पन्नास वर्षांपूर्वी शाळेत एक मुलगी मेली. तेव्हा टॉम रिडल नावाच्या हुशार, देखण्या, नम्र, मास्तरांच्या गळ्यातला ताईत असलेल्या विद्यार्थ्याने आडदांड हॅग्रिडकडे बोट दाखविले. हॅग्रिडला भयंकर प्राणी पाळण्याचा नाद होताच. शाळेने विश्वास कोणावर ठेवावा? तेरा वर्षांच्या हॅग्रिडचे नाव काढून टाकले, त्याची जादूची कांडी मोडली, आणि रिडलला विशेष सेवेबद्दल ढाल दिली. ती ढाल शाळेच्या बक्षिसांच्या खोलीत अजून चकाकत असते. एकदा शिक्षा म्हणून रॉनला ती पुसावी लागते. अपराध्याच्या नावाची ढाल पुढच्या पिढीतल्या पोरांनी घासूनपुसून लख्ख ठेवावयाची! या विनोदी प्रसंगाखाली केवढा कडवटपणा आहे, तो दुसऱ्या वाचनात कळतो. पुढे शाळेत पुन्हा हल्ले सुरू होतात, आणि सरकार हॅग्रिडलाच उचलून तुरुंगात टाकते. कारण काय? तर दप्तरी त्याच्या नावावर पूर्वीचा शेरा आहे!

आणि जी मेली ती मर्टल? तिचे भूत मुलींच्या एका बंद पडलेल्या प्रसाधनगृहात पन्नास वर्षे रडत बसले आहे. तिच्या किरकिरीला सारी शाळा कंटाळलेली. तिला ‘तू मेलीस कशी?’ हा साधा प्रश्न हॅरीपूर्वी कोणी विचारल्याचे कथेत दिसत नाही. तो विचारतो, तेव्हा तिचा चेहरा मान मिळाल्यासारखा खुलतो. मुख्य साक्षीदार शाळेतच होती. ती रडकी होती म्हणून तिची जबानी राहून गेली. शाळा नावाच्या संस्थेवर यापेक्षा नेमकी टीका मी मुलांच्या कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

तिसऱ्या पुस्तकात हाच धागा शाळेच्या कुंपणाबाहेर जातो. सिरियस ब्लॅक बारा वर्षे तुरुंगात आहे. त्याची चौकशीही झालेली नव्हती, हे पुढच्या पुस्तकात कळते. आणि खरा अपराधी पहिल्या पुस्तकापासून रॉनच्या खिशात, उंदीर होऊन, सुखाने झोपा काढीत असतो. पहिल्यांदा मुले चुकली, मग शाळा चुकली, मग राज्य चुकले, अशी ही चढण आहे. प्रत्येक पायरीवर चूक एकच: ऐकून घेण्याआधी निकाल.

ही पुस्तके मुलांना नियम मोडावयास शिकवितात, असा आक्षेप पालक घेतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पोरे रात्री-अपरात्री भटकतात, थापा मारतात. पण एक गोष्ट आक्षेपकांच्या नजरेतून सुटते. दोन्ही पुस्तकांत मुले शेवटच्या घटकेला आधी मोठ्या माणसांकडेच जातात. पहिल्यात मॅकगोनागलबाई त्यांचे म्हणणे उडवून लावतात. दुसऱ्यात ज्या लॉकहार्ट मास्तरांकडे ती जातात, ते पळून जाण्यासाठी पेटी भरीत असतात! तळघराची वाट मुले धरतात ती त्यानंतर. तेव्हा या कथांतून धडा घ्यावयाचाच, तर आधी तो आपण मोठ्यांनी घ्यावा.

माझा आक्षेप निराळ्या जागी आहे. शाळेत पाऊल टाकताच अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर एक टोपी ठेवतात, आणि ती त्याला चार निवासांपैकी एकात घालते. त्यांतल्या स्लिदरिन या निवासाकडे कथा पहिल्यापासून वाकड्या नजरेने पाहते, आणि अपवाद थोडे सोडले तर शेवटपर्यंत तशीच पाहत राहते. आपल्याकडे गुणांवर तुकड्या पाडण्याची चाल पुष्कळ शाळांत होती. ‘ड’ तुकडीत बसलेल्या पोरांच्या पाठीवर काय चिकटते, हे मी फळ्याजवळ उभा राहून पाहिले आहे. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी स्लिदरिनचे ४७२ गुण आहेत, नायकाच्या निवासाचे ३१२. सभागृहात स्लिदरिनची निशाणे लागलेली आहेत. आणि ऐन मेजवानीत मुख्याध्यापक डंबलडोर ५०, ५०, ६० असे गुण देऊन बरोबरी करतात, मग शेवटचे १० नेव्हिलला देऊन ढाल फिरवितात. वाचक टाळ्या वाजवितो. पण त्या दुसऱ्या टेबलावरच्या लहान पोरांनी कोणाचे काय घोडे मारले होते? वर्षभराचा त्यांचा अभ्यास खोटा होता काय? ऐकून घेतल्यावाचून निकाल देऊ नये, असे जी कथा शिकविते, तिनेच एका अख्ख्या निवासाविषयी निकाल आधी देऊन ठेवला आहे. हॅग्रिडचेही तसेच. निर्दोष ठरल्यावर पुढच्या वर्षी त्याला शिक्षक नेमतात हे खरे. पण तुटलेले शिक्षण त्याला परत मिळत नाही, आणि लेखिका त्या हिशेबाकडे वळून पाहत नाही.

तरीही त्या शेवटच्या दहा गुणांसाठी मी पुष्कळ काही माफ करावयास तयार आहे. ते नेव्हिलला मिळतात, कशासाठी? तर रात्री बाहेर निघालेल्या आपल्याच मित्रांना त्याने दारात उभे राहून अडविले म्हणून. तो तपासात नव्हता, त्याला रहस्याची गंधवार्ता नव्हती, आणि त्या प्रसंगी त्याचे म्हणणे चुकीचेही होते. तरी आपल्यांना ‘तुम्ही चुकता आहात’ असे तोंडावर सांगण्याचे धैर्य त्याने दाखविले. शत्रूवर संशय घेणे कोणालाही येते. मित्राला थांबवून जाब विचारणे अवघड.

सुट्टीत घरातली मुले ही पुस्तके वाचतील, आणि फराळाच्या ताटाशी बसून कोण वाईट, कोण चांगला याचा वाद घालतील. मोठ्यांनी त्यात जरूर भाग घ्यावा. मात्र चोराचे नाव सांगून मोकळे होऊ नये. ‘तुला स्नेपचा संशय आला, तो कशावरून?’ एवढे विचारावे, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.